रुग्णवाहिकेत बसतो तो कोण?

महाराष्ट्रातील १०८ रुग्णवाहिका सेवेची ओळख करून देताना दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, गाड्यांची संख्या: सेवा उभी राहिली ती ९३७ गाड्यांवर, त्यांत २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक. दुसरी, प्रत्येक गाडीत डॉक्टर. इतर बहुतेक राज्यांत १०८च्या गाडीत चालकाबरोबर, म्हणजे त्या सेवेच्या बोलीत ‘पायलट’बरोबर, ईएमटी म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ असतो. आपल्याकडे पदवीधर डॉक्टर असतो, आणि त्यांत आयुर्वेद व युनानी पदवीधरांची संख्या मोठी आहे. ही सेवा जानेवारी २०१४मध्ये सुरू झाली. त्याच महिन्याच्या १ तारखेला जर्मनीत एक नवा कायदा अमलात आला. अत्यवस्थ रुग्णाकडे गाडीतून डॉक्टर धाडण्याची जर्मनीची रीत कित्येक दशकांची. तरीही त्या देशाने ठरवले की रुग्णवाहिकेतल्या तंत्रज्ञाचे शिक्षण दोन वर्षांवरून तीन वर्षांचे करायचे, शेवटी सरकारी परीक्षा घ्यायची, आणि ती उत्तीर्ण झालेल्यालाच ते पदनाम लावू द्यायचे. जवळ डॉक्टर असताना जर्मनीने तंत्रज्ञ घडवायला घेतला. आपण तंत्रज्ञ घडवण्याचा प्रश्न डॉक्टर बसवून मिटवला.

तो मिटलेला नाही, असे या लेखाचे म्हणणे आहे. रुग्णालयाबाहेरची पहिली वीस-तीस मिनिटे हे वैद्यकाचे स्वतंत्र काम आहे. ते काम करणाऱ्याची पात्रता त्याच्या मूळ पदवीवरून ठरत नाही. ती ठरते त्याच कामाच्या परीक्षेवरून, आणि ही परीक्षा हाताची, म्हणजे प्रत्यक्ष कृतीची असावी, तिच्या निकालाला मुदत असावी, तिने दिलेल्या अधिकाराला स्पष्ट सीमा असाव्यात आणि त्यामागे एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरची देखरेख असावी. या चारही गोष्टी असतील तर बारावी झालेली मुलगीही रुग्णवाहिकेत विश्वासाने काम करू शकते. त्या नसतील तर पदवीधर डॉक्टर असूनही रुग्णाच्या नशिबात काय आहे हे त्या दिवशी गाडीत कोण आहे यावर अवलंबून राहते. म्हणून महाराष्ट्राने ईएमटी आणि त्यांच्या वरच्या स्तराचे पॅरामेडिक यांना परीक्षा, नोंदणी आणि नूतनीकरण असलेला परवानाधारक व्यवसाय म्हणून मान्यता देणे, हे आणखी गाड्या घेण्याच्या आधीचे काम आहे.

आपला कायदा या वाटेवर कुठे कुठे पोहोचला आहे ते आधी पाहू. १९८९मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जखमी माणूस दारात आला की पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता त्याच्यावर उपचार करणे हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. हे वाटेचे रुग्णालयाकडचे टोक झाले. २०१६मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर त्याच न्यायालयाने रस्त्यावर मदतीला धावणाऱ्या नागरिकाला संरक्षण दिले, आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम येऊन ते संरक्षण पक्के झाले. हे रस्त्याकडचे टोक. मधल्या प्रवासात गाडीसाठी नियम आहे: एआयएस-१२५ ही रुग्णवाहिकेची राष्ट्रीय संहिता गाड्यांचे चार प्रकार ठरवते आणि कोणत्या प्रकारात काय असावे हे बारकाईने सांगते. वाटसरूला कायदा आहे, डॉक्टरला कायदा आहे, स्ट्रेचरला मानक आहे. स्ट्रेचरशेजारी बसून श्वास मोजणाऱ्या माणसाला काय यायला हवे, ते त्याला येते हे कोणी तपासले आणि पुन्हा कधी तपासणार, याला मात्र रोजच्या व्यवहारात बंधनकारक उत्तर नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. यांतली किती वाचली असती हे कोणी सांगू शकणार नाही. पण अपघाताची जागा आणि रुग्णालय यांच्यातला हा भाग जिथे सर्वांत उशिरा सुधारला जातो तिथे मृत्यू जास्त होतात, हे दुसऱ्या देशांच्या अनुभवावरून सांगता येते.

अमेरिका १९६६मध्ये जवळपास आपल्या जागी होती. त्या वर्षी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यू आणि अपंगत्व यांवर एक अहवाल काढला आणि या विषयाला आधुनिक समाजाचा दुर्लक्षित रोग म्हटले. १९६५मध्ये तिथे अपघातांनी १,०७,००० माणसे मेली होती. देशातली निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे चालवत होते, कारण माणसाला आडवे झोपवून नेता येईल अशी गाडी त्यांच्याचकडे असे. कोरिया आणि व्हिएतनामहून परतलेले तज्ज्ञ उघड सांगत होते की गंभीर जखमी झालो तर शहरातल्या रस्त्यापेक्षा रणभूमीवर जगण्याची आशा जास्त. अहवालाने गाड्या, रेडिओ, रुग्णालये यांबद्दल बरेच काही सुचवले, पण त्यातून निघालेले सर्वांत टिकाऊ काम माणसांबद्दलचे होते: प्रशिक्षणाचा एकसारखा अभ्यासक्रम, आणि १९७०मध्ये स्थापन झालेली ईएमटींची राष्ट्रीय नोंदणी संस्था. या संस्थेचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य असे की ती शिकवत नाही. शिकवणारी कॉलेजे वेगळी, परीक्षा घेऊन प्रमाणित करणारी ही संस्था वेगळी, काम करण्याचा परवाना देणारे राज्य वेगळे आणि पगार देणारा मालक वेगळा. आपल्याकडे या चार भूमिकांपैकी दोन-तीन एकाच दारामागे असतात, तेव्हा प्रमाणपत्राचे काय होते हे नव्याने सांगायला नको.

त्या परीक्षेत काय पाहिले जाते हे समजून घेणे गरजेचे आहे, कारण आपल्या परीक्षांशी तिचे साम्य कमी आहे. प्राथमिक स्तराच्या ईएमटीचा अभ्यासक्रम साधारण दीडशे ते दोनशे तासांचा, पॅरामेडिकचा हजाराहून अधिक तासांचा. लेखी परीक्षा संगणकावर होते, आणि उमेदवार जसजशी उत्तरे देतो तसतसे पुढच्या प्रश्नांची कठीणता बदलते. प्राथमिक स्तरावर हाताच्या परीक्षेची जी तक्तेवजा गुणपत्रिका वर्षानुवर्षे रूढ झाली, तिच्यात एकेका कृतीला गुण असतात आणि तळाशी काही घातक चुकांची यादी असते. हातमोजे वगैरे स्वसंरक्षण केले नाही, जागा सुरक्षित आहे का ते पाहिले नाही, श्वास थांबलेल्या रुग्णाला अँब्यू बॅगने ३० सेकंदांत श्वास द्यायला सुरुवात केली नाही, गंभीर जखमीला १० मिनिटांच्या आत हलवण्याचा निर्णय घेतला नाही: यांतली एक चूक झाली की बाकीचे गुण कितीही असोत, उमेदवार नापास. इथे सरासरी चालत नाही. निदानाच्या प्रश्नांची पाच बरोबर उत्तरे एका बंद श्वासमार्गाची भरपाई करत नाहीत, हे या कामाचे सत्य परीक्षेच्या रचनेतच उतरवलेले आहे. आणि मिळालेले प्रमाणपत्र दोन वर्षांनी संपते. ईएमटीला नूतनीकरणासाठी ४० तासांचे, पॅरामेडिकला ६० तासांचे शिक्षण दाखवावे लागते.

दोन वर्षांची मुदत कडक वाटेल, पण ती का हवी याचा बोलका पुरावा २००४ सालच्या एका अभ्यासात आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात संशोधकांनी हृदय बंद पडलेल्या रुग्णांवर प्रत्यक्ष प्रसंगी होणारे उपचार मोजले. सीपीआर, म्हणजे छातीवर दाब देणे आणि श्वास देणे, चालू असताना प्रौढ रुग्णाला मिनिटाला १० ते १२ श्वास पुरेसे असतात. प्रशिक्षित, अनुभवी कर्मचारी सरासरी ३० देत होते. जास्त श्वास म्हणजे जास्त मदत असे वाटते, पण छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्तच कमी होते. संशोधकांनी मध्येच त्यांना पुन्हा शिकवले. वेग कमी झाला, तरीही असायला हवा त्याच्या जवळपास दुप्पट राहिला. या लोकांना नियम ठाऊक नव्हता असे नाही. धावपळीत, नातेवाइकांच्या आकांतात, हात आपोआप घाई करतो. म्हणजे ज्ञान आणि कौशल्य यांत अंतर असते, कौशल्य झिजते, आणि ते झिजले आहे हे स्वतःला कळत नाही. पदवी हा एकदा मिळवलेल्या ज्ञानाचा दाखला असतो. रुग्णवाहिकेला हवा असतो तो चालू महिन्यातल्या हाताचा दाखला.

इथे पहिला आक्षेप येतो. डॉक्टर हा तंत्रज्ञापेक्षा केव्हाही सरसच. मग आपण पायरी खाली का उतरावे? एमबीबीएस असो की बीएएमएस, त्या अभ्यासक्रमांचा रोख रुग्णाने दवाखान्यात यावे, इतिहास सांगावा, तपासण्या कराव्यात यावर असतो. पालथ्या पडलेल्या ट्रकच्या केबिनमधून मानेला कॉलर लावून माणूस काढणे, उतरत्या जिन्यावरून स्पाइन बोर्ड नेणे, धावत्या गाडीत छातीवर दाब देत राहणे, दोन जखमींत आधी कोणाला न्यायचे ते ठरवणे, रुग्णालयाला आधी कळवून अर्ध्या मिनिटाचा नेटका हँडओव्हर देणे, हे त्या पदव्यांचे काम नव्हे. भारतात आपत्कालीन वैद्यक ही एमडीची स्वतंत्र शाखा म्हणून २००९मध्ये मान्य झाली, यावरून हे ज्ञान डॉक्टरांनाही पदवीतून आपोआप मिळत नाही हे वैद्यकीय व्यवस्थेनेच कबूल केले आहे. फ्रान्स आणि जर्मनीत गाडीतून डॉक्टर जातात हे खरे. पण ते या कामाचे खास शिक्षण घेतलेले असतात, ते प्रत्येक हाकेला धावत नाहीत, आणि अनेकदा त्यांच्या आधी प्रशिक्षित तंत्रज्ञ किंवा अग्निशमन दलाचे जवान पोहोचलेले असतात. डॉक्टर हा तिथे एका रचनेचा वरचा मजला आहे. आपण खालचे मजले न बांधता तो थेट जमिनीवर ठेवला. आजच्या १०८मधल्या डॉक्टरांवर यात ठपका नाही. उलट, हीच परीक्षा त्यांनीही द्यावी आणि उत्तीर्ण व्हावे. तसे झाले तर रुग्णाला दोन्हींचा लाभ होईल.

दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू आहे, आणि तो पुराव्यासह येतो. कॅनडाच्या ओन्टारिओ प्रांतात १७ शहरांत एक मोठा अभ्यास झाला. लवकर विजेचा झटका देण्याची सोय आधीच असलेल्या व्यवस्थेत प्रगत पॅरामेडिक आणले तर काय फरक पडतो, हे पाहायचे होते. २००४च्या निष्कर्षात हृदय बंद पडलेल्यांपैकी वाचणाऱ्यांचे प्रमाण ५.० टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर गेले, म्हणजे जागच्या जागी राहिले. जवळच्या माणसाने केलेला सीपीआर आणि लवकर दिलेला झटका यांनी मात्र वाचण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढवली. २००८मध्ये गंभीर जखमींबद्दलही तसेच दिसले. बेशुद्धावस्थेतल्या जखमींत तर प्रगत उपचारांच्या काळात वाचणारे कमी होते. मग एवढ्या प्रशिक्षणाचा खटाटोप कशाला? या पुराव्यातून मी नेमका उलटा अर्थ काढतो. त्यातून प्रशिक्षण निरुपयोगी ठरत नाही. प्राथमिक गोष्टी वेळेत आणि अचूक करणे हेच बहुतेक जीव वाचवते, एवढे ठरते. त्याच ओन्टारिओत २००७मध्ये धाप लागलेल्या रुग्णांचा अभ्यास झाला तेव्हा प्रगत सेवेमुळे मृत्यू १४.३ टक्क्यांवरून १२.४ टक्क्यांवर आले. म्हणजे कुठे हात आवरायचा आणि कुठे पुढे करायचा हे आजारागणिक बदलते. प्रमाणपत्र स्तरांत विभागलेले असावे, प्रत्येक स्तराला करण्याच्या आणि न करण्याच्या गोष्टी लिहून दिलेल्या असाव्यात, याचे सर्वांत भक्कम समर्थन हाच अभ्यास करतो. आणि ज्या व्यवस्थेत प्राथमिक सेवा मुळातच खात्रीची नाही, तिने डॉक्टरच्या पदवीवर खर्च करून वरच्या टोकापासून सुरुवात करणे हे या आकड्यांच्या विरुद्ध आहे.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि माणसांच्या टंचाईचा. अटी वाढवल्या तर गडचिरोलीत, नंदुरबारला, मेळघाटात माणसे कुठून आणायची? याचे उत्तर अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात १९६७मध्येच मिळाले आहे. तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत रुग्णवाहिका म्हणजे पोलिसांची गाडी असे. सीपीआरच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेले डॉ. पीटर साफर यांनी फ्रीडम हाउस या नावाने सेवा उभी केली आणि त्याच वस्तीतली बेरोजगार माणसे निवडली. कित्येकांचे शालेय शिक्षणही पूर्ण नव्हते. त्यांना सुमारे ३०० तासांचे, त्या काळात देशात कुठेच नसलेले कसून प्रशिक्षण दिले. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन त्यांच्या वैद्यकीय संचालक झाल्या, आणि पॅरामेडिकांच्या पहिल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाची घडण या सेवेच्या अनुभवातून झाली. १९७५मध्ये शहराने स्वतःची सेवा काढून फ्रीडम हाउस बंद पाडले आणि त्या माणसांतल्या अनेकांना बाजूला सारले, हा त्या कथेचा लाजिरवाणा भाग. तोही धडाच आहे, कारण ज्यांचे कौशल्य कायद्याने नोंदवलेले नसते त्यांना हटवणे सोपे असते. आपल्यासाठी मुद्दा असा की कठोर परीक्षा आणि मोठी पदवी या एक गोष्ट नव्हेत. दुर्गम तालुक्यात डॉक्टर टिकत नाही ही जुनी तक्रार आहे. त्याच तालुक्यातली, तिथली बोली आणि पाड्यांच्या वाटा जाणणारी बारावी झालेली मुले-मुली ईएमटी झाली, आणि काम करत पुढच्या स्तरावर जाण्याची वाट त्यांना मोकळी असली, तर ती टिकण्याची शक्यता जास्त. बाळंतपणाची हाक येते तेव्हा तर ही ओळखच निम्मे काम करते.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार, कारण तो अनुभवातून येतो: आपल्याकडे प्रमाणपत्र म्हणजे कागद. सहा महिन्यांचे कोर्स विकणारी दुकाने गल्लोगल्ली आहेत; त्यांत आणखी एका शिक्क्याची भर पडेल. धोका खरा आहे, आणि म्हणूनच वरच्या चार भूमिका वेगळ्या ठेवण्यावर भर आहे. जो शिकवतो त्याने परीक्षा घेऊ नये. घातक चूक झाली तर गुणांच्या बेरजेने पास करू नये. नोंदणी कोणालाही क्रमांक टाकून पाहता यावी. मुदत संपली की नाव आपोआप ‘अक्रिय’ व्हावे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय संस्थेने २०२४च्या मध्यापासून पॅरामेडिक स्तरावरची हाताची परीक्षा बंद केली आणि तो भार प्रशिक्षण काळातल्या नोंदींवर व नव्या संगणकीय परीक्षेवर टाकला, हे कोणी दाखवून देईल. पण ते तिथे शक्य झाले, कारण २०१३पासून मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातूनच पॅरामेडिकला या परीक्षेला बसता येते आणि त्या कॉलेजांची स्वतंत्र तपासणी होते. जिथे कॉलेजांवरच विश्वास नाही, तिथे हाताची परीक्षा सोडून चालणार नाही. कागद खोटा निघतो म्हणून कागदच नको, या तर्काने आज प्रत्यक्षात काय मिळते? कंत्राटदाराने दिलेले ओळखपत्र.

यातूनच जबाबदारीचा प्रश्न निघतो. तंत्रज्ञाच्या हातून चूक झाली तर उत्तर कोणी द्यायचे? आज एखाद्यावर तक्रार आली तर फार तर त्याची नोकरी जाते; दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या कंपनीत तो पुन्हा गाडीत बसू शकतो. ब्रिटनमध्ये ‘पॅरामेडिक’ हे कायद्याने संरक्षित पदनाम आहे. नियामक मंडळाच्या नोंदवहीत नाव नसताना ते लावणे गुन्हा आहे, आणि गंभीर दोष सिद्ध झाला तर नाव खोडले जाते. उलट बाजूने, नोंदणी ही कर्मचाऱ्याची ढालही असते. जर्मनीत पॅरामेडिकांना वर्षानुवर्षे एक पेच होता: शिकवलेले उपचार डॉक्टर येण्याआधी केले तर कायदा मोडतो, न केले तर रुग्ण जातो. २०२१च्या दुरुस्तीने त्यांना डॉक्टर येईपर्यंत जीव वाचवणारे, शरीरात प्रवेश करणारे उपचार करण्याची स्पष्ट मुभा दिली. लेखी नियमावली, फोनवर मार्गदर्शन करणारा डॉक्टर आणि प्रत्येक केसची नंतर तपासणी, एवढे असले की तंत्रज्ञ घाबरून हात आखडत नाही आणि अतिउत्साहाने हद्दही ओलांडत नाही. महाराष्ट्रात राज्यभरचे फोन एका नियंत्रण केंद्रात येतात. १०८मधल्या डॉक्टरांपैकी सर्वांत अनुभवी लोकांची खरी जागा तिथे, अनेक गाड्यांना एकाच वेळी सल्ला देण्याच्या खुर्चीवर आहे.

हे सगळे करायला नवा कायदा लागत नाही. संसदेने २०२१मध्ये संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ आणि प्रगत पॅरामेडिक यांची नावे आहेत, आणि संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांच्या शिक्षणाची अट आहे. राज्यांनी आपापल्या परिषदा सहा महिन्यांत स्थापायच्या होत्या. ते इतके रेंगाळले की ऑगस्ट २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. या कायद्यातही एक उणीव आहे. २,००० तासांची एकच किमान रेषा आखल्यावर तिच्याखालच्या प्राथमिक ईएमटीचे काय, हे नियमांतून स्पष्ट करावे लागेल. नाहीतर सर्वांत जास्त काम करणारा आणि वर दिलेल्या पुराव्यानुसार सर्वांत जास्त जीव वाचवू शकणारा स्तरच नोंदवहीबाहेर राहील. राज्याने त्याच्यासाठी खालचा, पण तितक्याच कडक परीक्षेचा नोंदणी-स्तर निर्माण करावा, काम करत वर चढण्याची सोय ठेवावी, आणि सध्याच्या डॉक्टरांसह सर्वांना ठरावीक काळात ती परीक्षा देण्याची मुभा द्यावी आणि सक्तीही करावी.

रुग्णवाहिकांच्या कंत्राटांची चर्चा आपल्याकडे दरवेळी गाड्यांची संख्या, किंमत आणि ठेकेदार यांभोवती फिरते. पुढच्या कंत्राटात एक रकाना वाढवावा: गाडीत बसणाऱ्यांपैकी किती जण चालू मुदतीचे, स्वतंत्र परीक्षा दिलेले नोंदणीकृत ईएमटी किंवा पॅरामेडिक आहेत, आणि प्रमाण ठरल्यापेक्षा कमी असेल तर दंड किती. हा रकाना भरण्यासाठी लागणारा कायदा देशात आहे, परीक्षेचे नमुने जगात आहेत, शिकायला तयार तरुण प्रत्येक तालुक्यात आहेत. तो भरला गेला, तर १०८ला फोन लावणाऱ्याला गाडी येईल या भरवशाबरोबर, येणाऱ्याला हे काम येते असाही भरवसा मिळेल. आणि सार्वजनिक सेवेकडून नागरिकाला हक्काने मागता येते ते एवढेच.